कोटावरचा तिरंगा: चालतो का, आणि केला कुणी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दुकानात आलेलं गिऱ्हाईक असो, लग्नात शेजारी बसलेल्या काकू असोत की बँकेतला नवा मुलगा, माझ्या खांद्यावर पदराला लावलेली तिरंग्याची छोटी पिन दिसली की दोन प्रश्न येतातच. "असा झेंडा लावलेला चालतो का हो?" हा पहिला. पुण्यात माझं बिल्ले, पदकं आणि ट्रॉफ्यांचं दुकान आहे हे कळलं की लगेच दुसरा: "मग तुम्हाला माहीतच असेल, हा झेंडा मुळात केला कुणी?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे, चालतो. दुसऱ्याचं उत्तर कुणालाच आवडत नाही. लोकांना एक नाव हवं असतं आणि एका नावावर मला ते काम संपवता येत नाही.

आधी चालण्या-न चालण्याचं बघू. आज पस्तिशीच्या आत असलेल्यांना खरं वाटणार नाही, पण ठराविक राष्ट्रीय दिवस सोडले तर सामान्य माणसाला स्वतःच्या घरावर झेंडा लावायची मोकळीक या देशात स्वातंत्र्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं नव्हती. सरकारी इमारतींवर तो रोज फडके आणि आपण खालून बघायचा. यावर कोर्टात गेले ते उद्योगपती नवीन जिंदल. मध्य प्रदेशातल्या रायगढच्या (आपला रायगड नव्हे, हे गाव आता छत्तीसगडमध्ये आहे) कारखान्यावर त्यांनी झेंडा लावला, अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. दिल्ली उच्च न्यायालयाने १९९५ साली जिंदलांच्या बाजूने निकाल दिला, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे प्रकरण चालू असतानाच सरकारने नियम सैल केले आणि २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली. मग २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सन्मानाने झेंडा फडकवणं हा घटनेच्या कलम १९ मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. मात्र हा हक्क अनिर्बंध नाही, त्याला कायद्याच्या मर्यादा आहेत.

अंगावर वापरण्याची मोकळीक त्याच्याही नंतरची, २००५ सालची. तेव्हा १९७१ च्या राष्ट्रीय सन्मानाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि कपड्याचा किंवा गणवेशाचा भाग म्हणून झेंडा चालेल असं ठरलं, पण कमरेच्या वर. कमरेखाली, अंतर्वस्त्रांवर, रुमालावर, उशीवर, नॅपकिनवर नाही. म्हणून कोणी पट्ट्याच्या बकलावर तिरंगा करून मागितला तर मी सरळ नाही म्हणते. बक्कल कमरेच्या वर की खाली असला वाद घालायला मला वेळ नाही.

लोकसभेत तर कुठलाच बिल्ला लावून बसता येत नाही, नियमच आहे तसा. त्याला अपवाद एकच, राष्ट्रध्वजाची पिन. हा अपवादही झाला तो जिंदल खासदार असताना. माणसाने एखादी गोष्ट लावून धरली की कुठपर्यंत नेता येते बघा.

आणि गंमत पुढेच आहे. गाडीवर झेंडा लावायचा मान आजही राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री, न्यायमूर्ती अशा मोजक्याच पदांना आहे. छातीवर लावायला मात्र तुम्हाला-मला कुणाला विचारावं लागत नाही.

आता पिनेकडे येते, कारण माझं पोट त्याच्यावर आहे. झेंड्याचं प्रमाण ठरलेलं आहे, लांबी-रुंदी ३:२. आकारही ठरलेले आहेत, एकूण नऊ. सगळ्यात मोठा ६३०० मिलिमीटर लांब आणि ४२०० रुंद, सगळ्यात छोटा टेबलावर ठेवायचा, १५० बाय १००. भारतीय मानकांच्या यादीत पहिल्याच क्रमांकाचं मानक, आयएस १, हे राष्ट्रध्वजाचं आहे. त्यात कापडाचं वजन, धाग्यांची संख्या, रंगाची छटा, शिलाई, सगळं येतं. पण कोटावरची पिन त्या नऊ आकारांत कुठेच नाही. मानक झेंड्याचं आहे, आम्ही करतो ती त्याची प्रतिकृती. त्यामुळे कितीतरी गोष्टी करणाऱ्याच्या इमानावर सोडलेल्या आहेत.

उदाहरणार्थ चक्राचे आरे. टेबलावरच्या १०० मिलिमीटर रुंद झेंड्यावर चक्राचा व्यास २५ मिलिमीटर असतो. साधारण खपणारी पिन १८ बाय १२ ची. म्हणजे तिच्यावर चक्र आलं ३ मिलिमीटरचं. परीघ साडेनऊ मिलिमीटरच्या आत. त्यात २४ आरे आणि २४ फटी बसवायच्या. कडेला प्रत्येकाच्या वाट्याला ०.२ मिलिमीटर येतात आणि मध्याकडे जाताना तेवढेही राहत नाहीत. पितळेवर डाय मारून, खळग्यांत रंग भरून, भट्टीत सुकवून केलेली पिन दिसायला भारदस्त, पण त्या पद्धतीने एवढे बारीक आरे उमटत नाहीत. मग बाजारातला माणूस काय करतो, तर बारा आरे मारतो. कुठे आठ. एका पिनेवर मी निळा ठिपका पाहिला आहे, नुसता ठिपका. विकणारा म्हणाला, "ताई, लांबून कोण मोजतंय?" मी मोजते. दुकानात भिंग त्यासाठीच आहे.

आमच्याकडे छोट्या पिना म्हणून छापील करतो. पत्र्यावर छपाई आणि वर पारदर्शक रेझिनचा थेंब. चोवीसच्या चोवीस आरे दिसतात, निळा निळाच राहतो. ज्यांना भरलेल्या रंगाचीच हवी त्यांना मोठ्या मापाची करून देते. किंमत ऐकून निम्मे लोक छापीलवर येतात, ते एका अर्थी बरंच.

दुसरी गोष्ट मागचा खिळा. एकच खिळा आणि फुलपाखराच्या आकाराचा चाप असेल तर चालता-बोलता पिन फिरते. सकाळी केशरी वर असलेला झेंडा दुपारच्या जेवणापर्यंत आडवा-तिडवा होतो आणि भाषणाला उभं राहताना थेट उलटा. उलटा झेंडा लावणं हा मुद्दाम केला तर गुन्हा आहे. पिनेने आपल्या मनाने केला तर पोलीस येणार नाहीत, पण फोटो येतो, आणि मग आठवडाभर तोच फोटो फिरतो. म्हणून दोन खिळ्यांची घ्या. चुंबकवाली शर्टाला भोक पाडत नाही, पण ती जाड कोटावर धरत नाही आणि ज्यांना पेसमेकर आहे त्यांना मी ती देतच नाही. उभा लावायचा असेल तर बघणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी यायला हवा, हेही संहितेत लिहिलेलं आहे.

तिसरी गोष्ट नावाची. प्रत्येक निवडणुकीच्या आणि प्रत्येक १५ ऑगस्टच्या आधी कुणीतरी येतंच: पांढऱ्या पट्ट्यात आमच्या मंडळाचं नाव टाका, खाली भाऊंचा फोटो टाका. झेंड्यावर अक्षरं लिहिणं कायद्याने गुन्हा आहे. त्यांना मी वेगळी पट्टी करून देते, झेंडा वर, नाव खाली, मध्ये अंतर. काही ऐकतात. काही पुढच्या दुकानात जातात आणि हवं ते करून आणतात.

परदेशातल्या मराठी मंडळींचा आणखी वेगळा प्रकार. त्यांना दोन काठ्या एकमेकींवर तिरक्या, एकीवर तिरंगा, दुसरीवर ते राहतात त्या देशाचा झेंडा, अशी पिन हवी असते. आपली संहिता म्हणते, तिरंगा उजवीकडे, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडे, आणि त्याची काठी दुसऱ्या काठीच्या पुढे. अमेरिकेचा ध्वजनियम उघडून बघितला तर तिथे त्यांच्या झेंड्याबद्दल शब्दाशब्दाने तेच. दोघांनाही उजवी बाजू, दोघांचीही काठी पुढे! माझा तोडगा असा, की काठ्याच नकोत. दोन झेंडे शेजारी शेजारी, सारख्या उंचीचे. कुठला कुठल्या बाजूला ते मंडळाच्या कमिटीने ठरवावं. कमिटीत त्यावरून काय होतं ते मी विचारत नाही.

पिनेची सवय आपल्याला अमेरिकी पुढाऱ्यांकडून लागली असं बरेच जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. शाळेत ७ डिसेंबरला बाई वर्गात डबा घेऊन यायच्या, आपण नाणं टाकायचं आणि टाचणीने खिशावर कागदी झेंडा लावून घ्यायचा, हे आठवा. सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. माजी सैनिक, जखमी जवान आणि वीरपत्नी यांच्यासाठी निधी जमवायचा तो दिवस. नीट आठवलं तर लक्षात येईल, तो कागद तिरंगा नसतोच. लाल, गडद निळा आणि फिकट निळा, म्हणजे भूदल, नौदल आणि हवाई दल. छातीवर झेंडा टाचायला आपण तिथे शिकलो. फक्त तो झेंडा तिरंगा व्हायला २००५ उजाडावं लागलं.

आता दुसरा प्रश्न. केला कुणी?

गिऱ्हाईक मोबाइल काढून दाखवतं: पिंगळी वेंकय्या. बरोबर आहे आणि अपुरंही आहे. मच्छलीपट्टणमजवळच्या गावात १८७६ साली जन्मलेला हा माणूस झेंड्याच्या ध्यासाने झपाटलेला होता. १९१६ मध्ये त्याने झेंड्यांच्या तीस नमुन्यांची पुस्तिका छापली. १९२१ साली बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, काँग्रेस कमिटीची बैठक होती, तिथे त्याने गांधीजींना लाल आणि हिरव्या पट्ट्यांचा झेंडा करून दिला. चरखा घालायची सूचना जालंधरच्या लाला हंसराजांची. लाल हिंदूंसाठी आणि हिरवा मुसलमानांसाठी धरलेला, म्हणून उरलेल्या सगळ्या समाजांसाठी पांढरा पट्टा हवा, हे गांधीजींचं. म्हणजे पहिल्याच कापडावर तीन जणांचे हात. तोही आजच्यासारखा नव्हता: वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल आणि तिन्हींवर पसरलेला मोठा चरखा.

त्याआधीचं बघायचं असेल तर पुणेकरांना लांब जायला नको. नारायण पेठेत केसरीवाड्यात जा. मादाम भिकाजी कामांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत श्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत फडकवलेला झेंडा तिथे जपून ठेवलेला आहे. वर हिरवा पट्टा, त्यावर आठ कमळं, मधल्या पट्ट्यावर देवनागरीत 'वन्दे मातरम्', खालच्या लाल पट्ट्यावर एका बाजूला सूर्य आणि दुसऱ्या बाजूला चंद्रकोर. आठ कमळं म्हणजे तेव्हाचे ब्रिटिश हिंदुस्थानचे आठ प्रांत. हा झेंडा करण्यात कामांबरोबर सावरकर आणि बंगालचे हेमचंद्र दास यांचं नाव घेतलं जातं. पुढे गुजरातचे इंदुलाल याज्ञिक यांनी तो गुपचूप हिंदुस्थानात आणला. एक पारशी बाई, एक मराठी, एक बंगाली, आणणारा गुजराती, आणि फडकला जर्मनीत. सांगा, कुणाचं नाव लिहायचं खाली?

त्याच्याही आदल्या वर्षी कलकत्त्याच्या पारसीबागान चौकात असाच हिरवा-पिवळा-लाल झेंडा लागला होता. भगिनी निवेदितांनी लाल कापडावर पिवळं वज्र काढलं होतं. आणि १९१७ सालचा होमरूलचा झेंडा तर मी मुद्दाम दाखवते: पाच लाल आणि चार हिरवे पट्टे, त्यावर सप्तर्षींचे तारे, एका कोपऱ्यात चंद्र-तारा आणि दुसऱ्या कोपऱ्यात चक्क युनियन जॅक. ॲनी बेझंट आणि टिळकांच्या चळवळीचा झेंडा हा. मागणी साम्राज्याच्या आत राहून स्वराज्याची होती, म्हणून साहेबाचा झेंडा कोपऱ्यात बसवला. लोकांना तो पटला नाही, हे सांगायला नकोच.

मला विचाराल तर कापडाचा झेंडा खऱ्या अर्थाने देशाचा झाला तो नागपुरात. १९२३ साली. सिव्हिल लाइन्समधून झेंडा घेऊन जायला बंदी होती, कारण तिथे साहेबांचे बंगले. जमनालाल बजाजांच्या पुढाकाराने १ मे पासून रोज तुकड्या निघायला लागल्या. झेंडा घ्यायचा, चालायचं, बंदीच्या रेषेवर पोचायचं, अटक करून घ्यायची. दुसऱ्या दिवशी पुढची तुकडी. जमनालालजी तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई पटेल येऊन उभे राहिले. विनोबा आत गेले, सुभद्राकुमारी चौहान आत गेल्या. दीड हजारांहून जास्त माणसं तुरुंगात गेली, निव्वळ एका रस्त्याने एक कापड घेऊन चालता यावं म्हणून. १८ ऑगस्टला मोर्चा झेंड्यासह सिव्हिल लाइन्समधून गेला. त्या लढ्याआधी हा झेंडा काँग्रेसने रीतसर ठराव करून स्वीकारलेलाही नव्हता. माणसं आधी तुरुंगात गेली, ठराव नंतर आला.

तो ठराव १९३१ चा आणि त्याची गोष्ट झकास आहे. कुणाला कोणत्या रंगात कोणता धर्म दिसतो यावरून तोवर कुरबूर सुरू झाली होती. शिखांचं म्हणणं, आमचा रंग कुठाय? कराचीच्या अधिवेशनाने सात जणांची समिती नेमली: वल्लभभाई, नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभि सीतारामय्या, हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर आणि साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर. एवढ्या दिग्गजांनी विचार करून काय सुचवलं? एकरंगी केशरी झेंडा, कोपऱ्यात तांबूस चरखा. एकच रंग असला की वाटण्या होणार नाहीत, असा हिशोब. त्या समितीत आझादही होते, हे सांगितलं की दोन्ही बाजूंचे लोक थोडे गडबडतात. ऑगस्टमध्ये मुंबईला काँग्रेस कमिटीपुढे हे आलं आणि कमिटीने ते बाजूला ठेवलं. तिरंगाच राहील, पण लालच्या जागी केशरी येईल, क्रम केशरी-पांढरा-हिरवा होईल, मध्ये निळा चरखा. आणि एक गोष्ट ठरावातच स्पष्ट करून टाकली: रंगांना जातीधर्माचा अर्थ नाही. केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा सत्य आणि शांतीचा, हिरवा श्रद्धा आणि पराक्रमाचा.

तरीही रोज कुणीतरी मला समजावतं, "केशरी यांचा, हिरवा त्यांचा." मी म्हणते, अहो, ते १९२१ चं. तुम्ही दहा वर्षं जुना झेंडा सांगताय.

नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता या शाळकरी मुलाने हातातला झेंडा खाली ठेवला नाही आणि गोळ्या झेलल्या. त्याच्यासोबत आणखी चार मुलं गेली. तेव्हाचा झेंडा हा चरख्याचा. नंदुरबारकडच्या एका शाळेने त्यांच्या स्मृतिदिनासाठी बिल्ले करून घेतले तेव्हा मी विचारलं, चक्र घालू की चरखा? सरांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "चरखा घाला, पण खाली साल लिहा, म्हणजे मुलं विचारतील." असं गिऱ्हाईक वर्षातून एकदा आलं तरी पुरे.

चरखा जाऊन चक्र कसं आलं, हा शेवटचा टप्पा. १९४७ च्या जूनमध्ये घटना समितीने राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली ध्वजसमिती नेमली. तीत डॉ. आंबेडकर, सरोजिनी नायडू, आझाद, राजाजी, मुन्शी अशी मंडळी होती. २२ जुलैला नेहरूंनी सभागृहात ठराव मांडला आणि जाताना दोन झेंडे घेऊन गेले, एक रेशमी, एक सुती खादीचा. तिथे त्यांनी चरख्याबद्दल दिलेलं कारण माझ्यासारखीच्या अगदी जिव्हाळ्याचं. चरख्याला एका टोकाला चाक आणि दुसऱ्या टोकाला चाती असते. झेंडा दोन्ही बाजूंनी दिसतो. एका बाजूने चाक काठीकडे आलं तर दुसऱ्या बाजूने चित्र उलटं पडतं. दोन्हीकडून सारखं छापायचं तर एका बाजूला चाक काठीपासून दूर जातं. म्हणून चरख्यातलं चाक तेवढं ठेवलं, आणि ते चाक अशोकाच्या सारनाथच्या स्तंभावरचं. कुठूनही बघा, सारखंच. बदरुद्दीन आणि सुरैया तय्यबजी या दांपत्याचा या चक्राच्या रचनेत हात होता असं मानलं जातं.

अर्थात हे एकच कारण होतं असं मी म्हणत नाही. एका पक्षाचा झेंडा जसाच्या तसा देशाचा करणं अवघड होतं, आणि अशोकाचं चक्र सगळ्यांना चालण्यासारखं होतं. गांधीजींना चरखा गेल्याचं दुःख झालं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मला मात्र त्या दोन बाजूंच्या युक्तिवादाचं भारी कौतुक वाटतं. एवढं मोठं सभागृह, देशाची फाळणी तोंडावर, आणि माणसं बसून विचार करताहेत की कापड मागून कसं दिसेल. (पिनेला मागची बाजू दिसतच नाही, म्हणजे पिनेवर चरखा खपला असता, हा माझा धंदेवाईक विनोद दुकानात कुणी हसत नाही.)

१४ ऑगस्टच्या मध्यरात्री हंसाबेन मेहतांनी भारतातल्या स्त्रियांच्या वतीने तो झेंडा घटना समितीला अर्पण केला. या ठिकाणी माझं दुकान थोडं पक्षपाती आहे. भिंतीवर पिंगळींचं चित्र आहे, त्याच्या शेजारी भिकाजी कामांचं आणि हंसाबेनचंही आहे.

"मग एक नाव कुणाचं?" असं तरीही विचारणारे असतात. पिंगळींचं घ्या, माझी ना नाही. १९६३ साली गेलेल्या त्या माणसाची आठवण टपाल खात्याला २००९ मध्ये झाली आणि तिकीट निघालं, तेव्हा त्यांच्या वाट्याला जेवढं येईल तेवढं थोडंच. पण मग नागपूरच्या त्या दीड हजारांनी काय केलं, तेही एका वाक्यात सांगा.

पिन लावली नाही म्हणून कुणाचं देशप्रेम मोजायचं, हा प्रकार मला मुळीच पटत नाही. अमेरिकेत बराक ओबामा पहिल्यांदा निवडणुकीला उभे होते तेव्हा पिन का लावत नाहीत यावरून केवढा गदारोळ झाला. पुढे ते लावायला लागले. आमच्याकडेही ऑफिसातून पत्र येतं, सगळ्या स्टाफला सक्तीने लावायच्या आहेत, सगळ्यात स्वस्त कोणत्या? सगळ्यात स्वस्त म्हणजे बारा आऱ्यांची. ती माझ्याकडे नाही.

खादीबद्दलही विचारतात. डिसेंबर २०२१ मध्ये संहिता बदलली आणि यंत्रावर केलेला, पॉलिएस्टरचा झेंडाही चालू लागला. २०२२ पासून घरावरचा झेंडा रात्रीही ठेवता येतो. स्वस्त झाला, घरोघर गेला, हे खरंच आहे. पण हुबळीजवळच्या बेंगेरीत आणि आपल्याकडे नांदेडला जी माणसं हाताने कातलेल्या सुताचा झेंडा शिवत आली, त्यांच्या पोटावर त्याचा काय परिणाम होतो हेही विचारा. मोठा झेंडा घ्यायचा असेल तर मी गिऱ्हाइकाला खादीवाल्यांचाच पत्ता देते. त्यात मला एक पैसा मिळत नाही.

राहता राहिला एक प्रश्न, जो फारच थोडे लोक विचारतात आणि जो मला सगळ्यात आवडतो: जुनी झालेली पिन टाकायची कुठे? कापडाचा झेंडा फाटला तर तो खाजगीत, शक्यतो जाळून, मानाने नष्ट करावा असं संहिता सांगते. कागदी झेंडे जमिनीवर टाकू नयेत, तेही तसेच एकांतात नष्ट करावेत. पितळ काही जळत नाही. त्यामुळे रंग उडालेली, खिळा मोडलेली पिन कचऱ्यात न टाकता माझ्याकडे आणून द्या, कुठल्याही दुकानाची असली तरी चालेल. आम्ही वरचा रंग घासून काढतो, झेंडा पुसला गेला की मगच पितळ मोडीत जातं. बरणी गल्ल्याच्या बाजूलाच आहे. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आणलीत तर जरा थांबावं लागेल, तेव्हा घासणारा मुलगा एकटा असतो आणि गणपतीच्या मंडळांचे बिल्लेही तेव्हाच चालू असतात.